नव्या घराला कायदा, जुन्या घराला फक्त ठेकेदार

पावसाळा सरून दसरा जवळ आला की आपल्या शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांमध्ये हातोड्यांचे आवाज सुरू होतात आणि ते पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबत नाहीत. कुणाच्या बाथरूमची लादी निघते, कुणाची बाल्कनी खोलीत घेतली जाते, कुणाच्या स्वयंपाकघराची भिंत पडते. गावाकडे बंगल्यावर आणखी एक मजला चढतो. हा सारा हौसेचा मामला नाही. मोठे घर घेणे मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेले आहे आणि मुले मोठी झाली, म्हातारे आईवडील राहायला आले, तर आहे त्याच घरात जागा काढावी लागते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या इमारती आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या. त्यांचे नळ गंजले, गिलावे सुटले, छते झिरपू लागली. घरदुरुस्ती ही आज घरोघरची गरज आहे.

या गरजेभोवती एक विचित्र विसंगती उभी आहे. नवे घर घेणाऱ्याच्या पाठीशी आता कायदा आहे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ज्याला आपण सारे ‘रेरा’ म्हणतो, तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि महाराष्ट्रात ‘महारेरा’ प्राधिकरण उभे राहिले. विकासकाने नोंदणी करायची, आराखडे व मुदत जाहीर करायची, ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर कळवल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा. पण याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक सूट आहे: ज्या दुरुस्ती वा नूतनीकरणात नव्या सदनिकांची विक्री, जाहिरात किंवा नवे वाटप नाही, त्या कामाला नोंदणीची गरज नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण तो विक्रीच्या व्यवहारासाठी केलेला आहे. परिणाम मात्र असा की कोटीचे घर विकणारा माणूस नोंदलेला असतो आणि त्याच घराच्या भिंतीवर घण घालणारा कुठेच नोंदलेला नसतो. उद्या मी स्वतः ‘सर्व प्रकारची बांधकामे व इंटिरियर’ अशी पाटी लावली, तर मला कुणी परीक्षा विचारणार नाही. वायरिंगचे काम करणाऱ्याला विद्युत विभागाचा परवाना लागतो; खांबाशेजारी ड्रिल चालवणाऱ्या गवंड्याला लागत नाही.

प्रश्न केवळ पैशांचा नाही

ठेकेदार पळाला, पैसे बुडाले, काम अर्धवट राहिले, या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. त्या वाईटच आहेत. पण मुंबईने याहून भयंकर किंमत मोजलेली आहे. जुलै २००७ मध्ये बोरिवलीची ‘लक्ष्मी छाया’ ही सात मजली इमारत कोसळली आणि सुमारे तीस माणसे गेली. तळमजल्यावरच्या दुकानात चाललेल्या नूतनीकरणाकडे बोट दाखवले गेले. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत पडली. ती तर महापालिकेची स्वतःची इमारत, वर पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची कुटुंबे. ६१ बळी गेले आणि तळमजल्यावरच्या गाळ्यातील फेरफार चौकशीच्या केंद्रस्थानी आले. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातील चार मजली इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. तेथेही तळमजल्यावरच्या रुग्णालयाच्या जागेत चाललेल्या कामाने खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला.

या तिन्ही घटनांत एक साम्य आहे. काम एका जागेत चालू होते आणि मेले ते वरच्या मजल्यांवरचे. आपल्या सदनिकेची दुरुस्ती ही आपली खासगी बाब आहे, असे आपण समजतो. इमारतीला तसे वाटत नाही. तिचे खांब आणि तुळया कुणा एकाच्या मालकीच्या नसतात.

मी काही वर्षे आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत आहे आणि दुरुस्तीचे अर्ज माझ्या हाताखालून जातात. बहुतेक अर्ज एका ओळीचे असतात: ‘अंतर्गत दुरुस्ती करावयाची आहे, परवानगी मिळावी.’ एका सभासदाला विचारले, “नक्की काय करणार?” ते म्हणाले, “हॉल आणि किचनमधली भिंत काढायची. ठेकेदार म्हणतो, साडेचार इंची आहे, काही होत नाही.” भिंतीची जाडी पाहून ती भार घेते की नाही हे ठरवण्याची ही पद्धत सर्रास आहे आणि ती धोक्याची आहे. सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत बहुतेक भिंती नुसत्या आडोशाच्या असतात, हे खरे. पण जुन्या इमारतींत काही भाग सांगाड्याचा आणि काही भिंतींवर उभा, असेही सापडते. वाडे आणि जुन्या चाळी तर भिंतींवरच उभ्या असतात. ‘काही होत नाही’ हे सांगण्याचा अधिकार आराखडा पाहिलेल्या संरचना अभियंत्याचा आहे. त्याचे शुल्क एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते, आणि पहिली काटछाट आपण तिथेच करतो!

दुसरे उदाहरण याहून साधे. जुनी लादी काढण्याचा त्रास नको म्हणून तिच्यावरच नवी बसवण्याचा सल्ला ठेकेदार देतात. शंभर चौरस फुटांच्या खोलीत मसाला आणि लादी मिळून दोन इंचांचा थर चढला तर त्याचे वजन सुमारे एक टन होते. राहत्या खोलीसाठी माणसे व सामान यांचा भार म्हणून अभियंते प्रति चौरस मीटर साधारण २०० किलो धरतात; म्हणजे शंभर फुटांच्या खोलीला पावणेदोन-दोन टन. त्यातला निम्म्याहून अधिक वाटा या एका थराने खाल्ला. वरच्या घरानेही तेच केले, त्याच्याही वरच्याने केले, तर चाळीस वर्षांच्या खांबांवर काय चढले याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो.

स्वस्त दराचे गणित

ठेकेदार निवडताना आपण तीन दर मागवतो आणि सर्वांत कमी दराकडे वळतो. तिन्ही दर एकाच कामाचे असते तर यात काही चूक नव्हते. प्रत्यक्षात तिघे तीन निरनिराळ्या कामांचे दर देत असतात, आणि ते आपल्याला दिसत नाही. ‘बाथरूम संपूर्ण, अमुक रुपये’ अशा उक्त्या दरात तोडफोडीचा राडारोडा कोण आणि कुठे टाकणार, माल वर चढवण्याची मजुरी कुणाची, परांची लागली तर पैसे कोण देणार, वॉटरप्रूफिंगचे किती थर, नळ आणि फिटिंग कुठल्या कंपनीचे, यातले काही लिहिलेले नसते. काम अर्धे झाले, घर उखडलेले आहे, घरातली माणसे नातेवाइकांकडे आहेत, अशा वेळी एकेक ‘एक्स्ट्रा’ बाहेर येऊ लागते. तेव्हा आपल्या हातात काही नसते. कमी दर हा पुष्कळदा आत शिरण्याचा दरवाजा असतो.

यावर उपाय एकच: दर मागवण्याआधी कामाची यादी आपण करायची. किती चौरस फूट लादी, किती रनिंग फूट पाइप, विजेचे किती पॉइंट, प्लायवूड साधे की पाण्यात टिकणारे, गिलावा किती जाडीचा. ही यादी अभियंत्याकडून किंवा जाणकाराकडून करून घ्यावी आणि तीच तिघांच्या हाती द्यावी. मग दर तुलनेचे होतात. एखादा दर इतर दोघांपेक्षा फारच खाली असेल तर आनंद मानण्यापूर्वी विचारावे की याचे परवडते कसे? सिमेंट, लादी, मजुरी यांचे बाजारभाव तिघांनाही सारखेच असतात. फरक पडतो तो मालाच्या प्रतीत, पाणी मारण्याच्या दिवसांत किंवा नंतर काढायच्या रकमेत.

पाणी मारण्याचा मुद्दा मी मुद्दाम घेतला. नव्या काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान दहा दिवस ओल द्यावी, असे भारतीय मानक सांगते. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे सिमेंट मिश्र प्रकारचे आहे. उक्ते काम घेतलेल्या ठेकेदाराला हे दिवस म्हणजे बिनकामाचे दिवस. त्याची माणसे दुसऱ्या साइटवर निघून जातात आणि दोन दिवसांत स्लॅब कोरडा पडतो. हे नुकसान लगेच दिसत नाही, काही वर्षांनी सळई गंजली की दिसते. तेव्हा पाणी कोण मारणार आणि किती दिवस, हेही यादीत लिहावे. सिमेंटच्या गोणीवर ते कोणत्या आठवड्यात तयार झाले हे छापलेले असते. तीन महिन्यांवरची गोणी परत पाठवावी. त्याला पदवी लागत नाही, चष्मा लावला की पुरे.

पारख कशी करायची?

‘शेजाऱ्यांकडे काम केले आहे’ ही आपल्याकडची सर्वांत मोठी शिफारस. ती टाकाऊ नाही; पण शेजाऱ्यांना आपण चुकीचा प्रश्न विचारतो. काम कसे झाले, असे विचारले की लोक चकचकीत लादी दाखवतात. विचारायला हवे ते असे: शेवटचा हप्ता दिल्यानंतर बोलावले तेव्हा ठेकेदार आला का? ठरलेली रक्कम आणि दिलेली रक्कम यांत किती फरक पडला आणि का? खालच्या घराच्या छताला ओल आली का? ठेकेदाराचे कालचे काम पाहू नये. किमान दोन-तीन पावसाळे पाहिलेले एक काम पाहावे आणि एक चालू असलेले. चालू कामावर न सांगता गेले तर बरेच काही कळते. रेती झाकलेली आहे का, विजेच्या उघड्या तारा लोंबत आहेत का, मजुरांच्या डोक्यावर टोपी आणि उंचीवर पट्टा आहे का, मुकादमाच्या हातात नकाशा आहे की सारे तोंडी चालले आहे.

आणखी एक गोष्ट विचारावी. बोलणी करणारा माणूस आणि काम करणारा माणूस एकच आहे का? आज ठेकेदार काम घेतो आणि लादीचे काम एका टोळीला, प्लंबिंग दुसऱ्या टोळीला, सुतारकाम तिसऱ्याला उक्ते देतो. ओडिशाचा केंद्रपाडा जिल्हा प्लंबर घडवण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. इतर कामांतही राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारचे कारागीर आपल्या शहरांत आहेत. त्यांच्या कसबाबद्दल शंका नाही. शंका आहे ती मधल्या साखळीबद्दल. प्रत्येक कडीला थोडे पैसे सुटतात आणि शेवटी लादी लावणाऱ्याच्या हाती जे उरते, त्यात तो घाई करतो. एका वेळी किती साइट चालू आहेत आणि आपल्या साइटवर रोज कोण उभा राहणार, याचे उत्तर नावासकट घ्यावे.

कागद आणि हप्ते

आपल्याकडे लेखी करार मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज आहे. मला तो उलटा वाटतो. लिहिलेले असले की दोघांचाही विश्वास टिकतो, कारण वाद झाला तर स्मरणशक्तीची परीक्षा द्यावी लागत नाही. कराराला पन्नास पाने लागत नाहीत. कामाची यादी, मालाची प्रत, सुरू आणि पूर्ण करण्याच्या तारखा, हप्ते, वाढीव काम लेखी संमतीशिवाय होणार नाही ही अट, मजुराला इजा झाल्यास जबाबदारी कुणाची, आणि काम झाल्यावर किती काळ दोष दूर करून देणार, एवढे दोन पानांत मावते.

हप्ते दिवसांप्रमाणे देऊ नयेत, कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत. सुरुवातीची उचल दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावी. निम्मी रक्कम आधी मागणारा ठेकेदार बहुधा मागच्या गिऱ्हाइकाचे काम आपल्या पैशांतून पुरे करत असतो. शेवटचे पाच-दहा टक्के राखून ठेवण्याची रीत मोठ्या कामांत जुनीच आहे. ती घरच्या कामातही पाळावी. बाथरूम असेल तर लादी बसवण्यापूर्वी वॉटरप्रूफिंगवर चोवीस तास पाणी भरून ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहावे. गच्ची असेल तर राखलेली रक्कम एक पावसाळा गेल्यावर द्यावी. ‘दहा वर्षांची गॅरंटी’ लिहिलेल्या रंगीत कागदापेक्षा ही राखलेली रक्कम अधिक खरी असते.

“बिल नको, थोडे स्वस्त करून देतो” हा मोह सर्वांना पडतो. कर चुकवणे गैर आहेच. शिवाय बिल गेले की पुरावा गेला. १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणी ही सेवा आहे आणि तीतील त्रुटीबद्दल ग्राहक दाद मागू शकतो, हे स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सेवेच्या व्याख्येत घरबांधणी आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात ती करता येते. मुदत दोन वर्षांची. पण आयोगापुढे करार, बिल आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद ठेवावी लागते. रोख दिलेल्या पैशांना साक्षीदार नसतो.

दूरवरचे गावचे घर

ही सारी काळजी मालक समोर असताना. मुंबईतला कोकणी माणूस गावचे घर दुरुस्त करतो तेव्हा तो समोर नसतो. गणपतीच्या आधी कौले उतरवून पत्रा किंवा स्लॅब टाकायचा, म्हणून शिमग्याला गावी गेला की तो ठेकेदाराशी बोलतो आणि पुढचे सारे फोनवर चालते. पैसे इकडून जातात, छायाचित्रे तिकडून येतात. जांभ्या चिऱ्याच्या जुन्या भिंती कौलारू छपरासाठी रचलेल्या असतात; त्यांवर काँक्रीटचा स्लॅब टाकणे हा वेगळा भार आहे, आणि छायाचित्रात तो दिसत नाही. अशा कामाला तालुक्याच्या गावचा एखादा अभियंता आपल्या बाजूने नेमावा आणि त्याने ‘टप्पा झाला’ असे लिहून दिल्याशिवाय हप्ता पाठवू नये. बंगल्यावर मजला चढवतानाही हेच. पाया किती मजल्यांसाठी घातला होता हे आधी, आणि परवानगी काम संपल्यावर नव्हे, सुरू होण्यापूर्वी.

ठेकेदाराचीही बाजू आहे

न्यायाने बोलायचे तर सारा दोष एका बाजूचा नाही. लादी लागल्यावर रंग आवडला नाही म्हणून ती काढायला लावणारे, रोज नवी सूचना देणारे, शेजाऱ्याच्या घरी पाहिलेली गोष्ट ‘त्यातच करून द्या’ म्हणणारे आणि काम संपल्यावर शेवटचा हप्ता महिनोन्‌महिने लांबवणारे मालकही पुष्कळ आहेत. प्रामाणिक छोटा ठेकेदार अशा दोन मालकांनी बुडतो. राखलेली रक्कम म्हणजे बुडवायची रक्कम नव्हे, हे मालकाने पक्के ध्यानात ठेवावे. पैसे वेळेवर मिळतात अशी ज्या घराची ख्याती, त्या घरी चांगला मिस्त्री स्वतःहून येतो.

मग यावर सार्वजनिक उपाय काय? सर्व दुरुस्ती ठेकेदारांना परवाना सक्तीचा करा, ही मागणी सोपी आहे. मला तिची भीती वाटते. कामावरच शिकलेला, पण कागद नसलेला गवंडी त्यात बाहेर पडेल आणि परवाना मिळवण्यात पटाईत असलेला आत राहील. त्यापेक्षा दोन छोट्या गोष्टी लवकर होतील. खांब, तुळई, स्लॅब किंवा भिंतीला हात लागणार असेल तर संरचना अभियंत्याच्या सहीशिवाय सोसायटीने काम सुरूच होऊ देऊ नये. आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचना तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. घरोघर काय पाडले आणि काय चढवले, याची नोंद त्या तपासणीत आली पाहिजे. आणि प्रत्येक सोसायटीने एक साधी वही ठेवावी. कुठल्या घरात, कुठल्या ठेकेदाराने, काय काम, किती दिवसांत केले. नंतर तक्रार आली का. आली तर तो परत आला का. दहा वर्षांच्या अशा वहीची सर कुठल्याही जाहिरातीला येणार नाही. जिल्ह्याच्या गृहनिर्माण महासंघांनी या वह्या एकत्र केल्या तर आज जी माहिती जिन्यातल्या गप्पांत विरून जाते, ती सर्वांच्या उपयोगाची होईल.

‘घर पाहावे बांधून’ म्हणणाऱ्यांना बांधण्यातले कष्ट ठाऊक होते. त्या काळी घर बांधणारा आणि त्यात राहणारा एकाच गावात नांदत होते. गवंड्याने फसवले तर चार माणसांत त्याला उभे करता येत होते. आजच्या शहरात ती चार माणसे उरलेली नाहीत. त्यांची जागा यादी, करार, अभियंत्याची सही आणि सोसायटीची वही यांनी घ्यायची आहे. या दिवाळीनंतर घराला हात घालणार असाल, तर रंगांचा कॅटलॉग उघडण्याआधी इमारतीचा मूळ आराखडा सोसायटीच्या कपाटात आहे का, एवढे पाहून या. नसेल, तर तो शोधण्यापासूनच दुरुस्ती सुरू करायला हवी.